संगणक आधीपासूनच बोलतो

अंध माणसाला संगणक वापरायचा तर वेगळं, महागडं यंत्र लागतं, हा समज चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही भेटतो. समोर विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही बटणं एकत्र दाबून पाहा. नॅरेटर हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन रीडर, बोलायला लागेल. विंडोज २००० पासून तो सोबतच येतो, आणि आता लॉगिनच्या पडद्यावरही चालतो. पुन्हा तीच बटणं दाबली की गप्प. (चुकून दाबली गेल्यावर व्हायरस शिरला म्हणून घाबरणारेही असतात.) मॅकवर २००५ पासून व्हॉइसओव्हर आहे, तो कमांड आणि एफ५ने सुरू होतो. नॅरेटर अपुरा वाटला तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने तो लिहायला घेतला, कारण तेव्हाचे चांगले स्क्रीन रीडर फार महाग होते.

दुसरा गैरसमज असा, की या सोयी फक्त ज्यांना काहीच दिसत नाही त्यांच्यासाठी आहेत. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अंधत्व आणि अल्पदृष्टी वेगवेगळी मोजतो. चष्मा लावूनही एखाद्याची दृष्टी ६/१८ च्या पलीकडे सुधारत नसेल, तर इतरांना अठरा मीटरवरून दिसणारं अक्षर दिसायला त्याला सहा मीटरवर यावं लागतं. अशांसाठी मॅग्निफायर आहे: विंडोज आणि अधिकचं चिन्ह दाबलं की पडदा मोठा होतो, सोळा पटींपर्यंत. पण जितकं मोठं कराल तितका पानाचा तुकडा लहान होतो आणि ओळ शोधत फिरावं लागतं. केवळ अक्षरं बारीक वाटत असतील तर सेटिंगमध्ये जाऊन फक्त मजकुराचा आकार वाढवावा, तो २२५ टक्क्यांपर्यंत वाढतो. डोळ्यांवर तिरीप येणाऱ्यांना ‘डार्क मोड लाव’ असा सल्ला हमखास मिळतो. डार्क मोड सगळेच प्रोग्रॅम मानत नाहीत. कॉन्ट्रास्ट थीममध्ये मात्र मजकूर, पार्श्वभूमी, दुवे, बटणं यांचे रंग वापरणाऱ्याला स्वतः ठरवता येतात.

‘न बघता टाइप कसं करणार?’ एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे बोटांनी चाचपून पाहा. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीत स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. एकदा हात बसला की बघायची गरज उरत नाही. माउसही लागत नाही.

खरी गोची पुढे आहे. संगणक बोलतो म्हणजे तो काहीही वाचतो, असं डोळस माणसं धरून चालतात. परिपत्रकाचा कागद स्कॅन करून पीडीएफ पाठवली, तर ते स्क्रीन रीडरच्या लेखी एक चित्र असतं. अक्षरओळख करणारं सॉफ्टवेअर चालवून मजकूर काढता येतो, पण पुसट शिक्का आणि वाकडा कागद असला की जोडाक्षरांची वाट लागते.

मराठीत याहून फसवा प्रकार जुन्या फॉन्टांचा. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजाला मराठी येते; उच्चार यांत्रिक, पण कळतात. तरीही कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल त्याला वाचता येत नाही. कारण त्या फाइलमध्ये देवनागरी नसतेच. आत इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांवर मराठीचा मुखवटा चढवतो. ‘मराठी’ हा शब्द तिथे ई, जे, के, बी, एच असा साठवलेला असतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर तोच गोंधळ पडतो. पाठवणाऱ्याला पडद्यावर सुबक मराठी दिसत असते, त्यामुळे तक्रार आली तरी तो संगणकालाच दोष देतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्याने हा घोळ होत नाही.

आपली फाइल वाचली जाईल का, हे तपासायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. तिच्यातला एक शब्द उचलून नोटपॅडमध्ये टाका. मराठी उमटलं तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून पाठवा. शब्द निवडताच येत नसेल, तर ते चित्र आहे. मूळ टाइप केलेली फाइल शोधा.