सातबाऱ्याचे कुलूप

मी कला शाखेचा विद्यार्थी. गणिताचा नि माझा संबंध फार जुना नाही, तरी हा विषय घेतला तो सातबाऱ्यामुळे. २०१८ पासून आपल्या राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. वडिलांना मात्र शाईच्या शिक्क्याशिवाय अजून चैन पडत नाही.

ही स्वाक्षरी खरी कशावरून? गणितावरून! ६१ गुणिले ५३ म्हणजे ३२३३, हे कोणीही सांगेल. पण नुसते ३२३३ देऊन 'हे कोणत्या दोन संख्यांचे?' असे विचारा, घाम फुटेल. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी या अडचणीचेच कुलूप बनविले. आज त्यातील संख्या सहाशेहून अधिक अंकी असते. साधा संगणक तिच्यापुढे हात टेकतो.

परंतु १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखविले की, क्वांटम संगणक हे कुलूप झटपट उघडील. तेवढा मोठा क्वांटम संगणक अद्याप झालेला नाही. २०२४ मध्ये पुण्याची संरक्षण प्रयोगशाळा व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तपासलेला प्रोसेसर अवघ्या सहा क्यूबिटांचा होता.

मग घाई कशाला? गुप्त पत्रे आज चोरून ठेवून पुढे उघडता येतात. सातबाऱ्याचे दुखणे निराळे. किल्ली फुटली की खोट्या उताऱ्यावरही खरी स्वाक्षरी उमटेल. २०२४ मध्येच अमेरिकेच्या मानक संस्थेने निराळ्या गणितावरची नवी कुलपे जाहीर केली. त्यांत स्वाक्षरीचीही आहेत, आणि ती साध्या संगणकावर चालतात.