खोटं घुबड, खरी पाखरं

मुलांनो, कुणाच्या गॅलरीत प्लॅस्टिकचं घुबड पाहिलंय? कबुतरांनी घाण करू नये म्हणून ते ठेवतात. परदेशात बंदरात नांगरलेल्या बोटींवरही असंच घुबड बांधतात. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. ती साचून राहिली की बोटीचा रंग खराब होतो.

ही युक्ती काही नवी नव्हे बरं का! थंडीत चाकणच्या बाजूला शेतात जा. ज्वारी दुधात आली की पाखरांचे थवे उतरतात. मग शेतकरी काठ्या बांधतो, त्यांवर फाटका सदरा चढवतो, वर मडक्याचं डोकं ठेवतो. झालं बुजगावणं! बुजणे म्हणजे दचकून बिचकणे. मोटार पाहून बैल बुजतो ना, तसं.

पण पाखरं काही खुळी नसतात. पहिल्या दिवशी ती लांब राहतात. हळूहळू ‘हा बाबा जागचा हलतच नाही’ हे त्यांच्या ध्यानात येतं. मग खुशाल त्याच्याच खांद्यावर बसतात! म्हणून शेतकरी नुसत्या बुजगावण्यावर विसंबत नाहीत. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतात, डबा बडवतात, हाळी देतात.

कबुतर तर मूळचं कड्याकपारीतलं. आपल्या उंच इमारती त्याला डोंगराचे कडेच वाटतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या छपराखालच्या लोखंडी कैच्याही त्याच्या सोयीच्या. अशा आयत्या घरात खोट्या घुबडाला कोण भिणार?

मग काय करायचं? घुबडाची जागा सारखी बदला. वाऱ्यावर हलणाऱ्या चमकत्या पट्ट्या लावा. बोटीवर ताडपत्री आणि गॅलरीला जाळी, हे सर्वांत खात्रीचं. दाणे मात्र टाकू नका. साचलेली विष्ठा कोरडी झाडू नका. तिच्या धुळीने फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो. ते काम मोठ्यांनी तोंडाला फडकं बांधून, पाणी मारून करावं.

आणखी एक. नायलॉनचा मांजा कधीही ताणून बांधू नका. त्यात पाखरांचे पंख कापले जातात. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली. घरट्यात पिल्लं असतील, तर ती उडेपर्यंत थांबा. आपल्याला पाखरं घालवायची आहेत, मारायची नाहीत.

आता एक प्रयोग करा. पुठ्ठ्याचं घुबड बनवा. एक आठवडा ते एकाच जागी ठेवा, पुढचा आठवडा रोज जागा बदला. रोज ठरावीक वेळी १० मिनिटं कबुतरं मोजा, वहीत लिहा. कबुतरं किती दिवसांत शहाणी होतात, ते तुमची वहीच सांगेल!