वकिलीचे ऐच्छिक विषय निवडताना

पूर्णगडच्या आपल्या मुलामुलींनी रत्नागिरीस विधी महाविद्यालयात प्रवेश घेताना एवढे ध्यानात ठेवावे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या एल.एल.बी.ला २० सक्तीचे, ४ प्रात्यक्षिकाचे आणि किमान ६ ऐच्छिक विषय असतात. ऐच्छिकांत संविधान, व्यापार, गुन्हेशास्त्र, शेती असे गट आहेत. महाविद्यालयात कोणते शिकवतात, ते आधी विचारावे.

केवळ सोपे मार्क पाहून विषय घेऊ नये. बँकेत आम्ही पाहतो, सातबाऱ्यावर वारसनोंद नसली की कर्ज अडते. बाबासाहेबांनी १९३७ साली खोतीविरुद्ध विधेयक मांडले, १९४९ चा निर्मूलन कायदाही झाला. कागदांचा गुंता मात्र उरलाच. म्हणून जमिनीच्या कायद्याचा एक तरी विषय घ्यावा. उद्या गावातला पक्षकार तेच कागद घेऊन दारात येईल.