एका रात्रीची मुदत खरेदी

बुलढाण्याजवळच्या देऊळघाटात ‘मुदत खरेदी’ हा शब्द जुन्या पिढीच्या व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. नडलेला माणूस शेत गहाण न टाकता ते ‘विकत’ असे आणि ठरलेल्या मुदतीत रक्कम परत केल्यास शेत माघारी मिळेल, अशी अट घालून घेत असे. कागद खरेदीचा, व्यवहार मात्र कर्जाचा. मुदत टळली की शेत गेले. या दुहेरी रूपामुळे इतके तंटे न्यायालयात पोहोचले की, माघारीची अट त्याच दस्तऐवजात असल्याशिवाय तो व्यवहार गहाण समजला जाणार नाही, अशी दुरुस्ती १९२९ मध्ये मालमत्ता हस्तांतरण कायद्यात करावी लागली.

मुंबईच्या नाणेबाजारात हाच करार रोज होतो, फक्त शेताच्या जागी सरकारी रोखे असतात. त्याचे नाव ‘रेपो’. वर्तमानपत्रांत रेपो दर म्हणून जो आकडा छापून येतो, तो याच व्यवहाराचा, रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने रोख्यांवर पैसा देते तो. ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म व लघु उद्योगांची बदलत्या व्याजदराची नवी बँक कर्जे बाह्य मानकाशी जोडलेली आहेत आणि बहुतेक बँकांनी मानक म्हणून रेपो दरच निवडला आहे. त्यामुळे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात हा दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा त्याची झळ तालुक्याच्या गावातील हप्त्यांपर्यंत पोहोचली.

व्यवहार असा होतो. एखाद्या बँकेपाशी एक कोटी रुपये बाजारभावाचे सरकारी रोखे आहेत. रोकड मात्र आज कमी पडते आहे. ती रोखे विकते आणि उद्या ठरल्या भावाने परत घेण्याचे वचन त्याच करारात देते. रोकड देणारा पूर्ण कोटी देत नाही. समजा दोन टक्के कापून ९८ लाख देतो. बाजारात या कपातीला ‘हेअरकट’ म्हणतात. सराफही सोन्याच्या पूर्ण किमतीइतके कर्ज देत नाही, त्यातलाच हा प्रकार. सहा टक्के दराने एका रात्रीचे व्याज सुमारे १,६११ रुपये होते. दुसऱ्या दिवशी ९८,०१,६११ रुपये देऊन बँक आपले रोखे माघारी घेते. शुक्रवारी केलेला व्यवहार सोमवारी सुटला, तर व्याज तीन रात्रींचे लागते.

मग सरळ तारण ठेवून कर्ज का काढत नाहीत? तारणावरचा हक्क बजावण्यास नोटीस आणि वेळ लागतो; रेपोत मालकीच हस्तांतरित झालेली असते. घेणारा बुडाला, तर देणारा त्याच दिवशी रोखे बाजारात विकून मोकळा होतो. गावच्या मुदत खरेदीत थोड्या रकमेपायी मोठे शेत अडकत असे आणि धोका लिहून देणाऱ्याचा असे. येथे कपात अगदी लहान असते; म्हणूनच पैसा देणाऱ्याची सारी भिस्त एकाच गोष्टीवर राहते: रोखे खरोखर हाती आले की नाही.

१९९२ मध्ये ते आले नव्हते. त्या काळी या व्यवहाराला ‘रेडी फॉरवर्ड’ म्हणत. रोखे विकणारी बँक रोख्यांऐवजी ‘बँक रिसीट’ नावाची पावती देई. रोखे विकले आहेत, यथावकाश पोहोचते करू, एवढाच तिचा अर्थ. रिझर्व्ह बँकेतील नोंदी तेव्हा हाताने होत, विलंब नित्याचा होता, म्हणून पावतीवरच काम भागू लागले. पाठीशी रोखे नसताना पावत्या देणाऱ्या बँकांत बँक ऑफ कराड होती आणि मुंबईची मेट्रोपॉलिटन सहकारी बँकही. या कोऱ्या पावत्यांवर मोठ्या बँकांनी दिलेला पैसा दलालांच्या हाती गेला. हर्षद मेहता हे त्यांतील सर्वांत गाजलेले नाव. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने उघड्या पडलेल्या रकमेचा अंदाज सुमारे ४,००० कोटी रुपये केला. सातारा जिल्ह्यातील ज्या ठेवीदारांनी ‘रेडी फॉरवर्ड’ हा शब्दही ऐकला नसेल, त्यांची बँक ऑफ कराड त्याच वर्षी अवसायनात निघाली. पुढे १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने ती सामावून घेतली.

विदर्भालाही हा धडा मिळाला, दहा वर्षे उशिरा. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने होम ट्रेडसह काही दलाल कंपन्यांना सरकारी रोख्यांसाठी पैसे दिले. रोखे आलेच नाहीत. तो रेपो नव्हता, साधी खरेदी होती, पण पोकळी तीच. तेथे अडकलेला पैसा मुख्यतः शेतकऱ्यांचा होता.

दरम्यान यंत्रणा बदलली होती. १९९५ पासून रिझर्व्ह बँकेच्या पुस्तकात रोखे आणि रक्कम एकाच वेळी हलू लागली. एक बाजू अडली तर दुसरीही अडते. २००२ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था दोन्ही पक्षांच्या मध्ये उभी राहते. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिच्या व्यासपीठावर ‘ट्रेप्स’ नावाचा त्रिपक्षीय रेपो सुरू झाला. त्यात पैसा देणाऱ्यास समोरचा कोण, हे तपासत बसावे लागत नाही. रोखे आधीच संस्थेच्या ताब्यात असतात.

व्यापारी कुटुंबाचा संबंध येथेच येतो. देऊळघाटच्या एखाद्या दुकानदाराने हंगाम संपल्यावर मोकळी झालेली रक्कम ‘ओव्हरनाइट’ वा ‘लिक्विड’ म्युच्युअल फंडात ठेवली, तर तिचा काही भाग बहुधा याच बाजारात रात्रीपुरता उसना जातो. त्या रात्रीपुरते सावकार तेच असतात, फक्त त्यांना ते ठाऊक नसते. फंडाच्या मासिक पत्रकात गुंतवणुकींची यादी असते. तीत ‘ट्रेप्स’ किंवा ‘रेपो’ अशी ओळ आणि तिच्यापुढे टक्केवारी सापडते. खासगी कंपन्यांच्या रोख्यांवरही रेपो होतो. तो वेगळ्या ओळीत दिलेला असेल, तर किती रक्कम सरकारी कागदावर आहे आणि किती कंपन्यांच्या, हे त्या दोन ओळींतून कळते.