घर आणि आवाज (भाग ६) : कार्पेट उचलल्यावर

गेल्या आठवड्यात भिंतींतून येणाऱ्या आवाजाचा विचार केला. आज पायाखालच्या जमिनीचा. उदाहरण अमेरिकेतल्या कॉन्डोचं घेऊ. जुनं कार्पेट काढून टाइल्स किंवा लाकडी फ्लोअरिंग घालायचं, तर तिथल्या अनेक असोसिएशन आधी परवानगी घ्यायला लावतात आणि ध्वनिरोधाचा एक किमान आकडा ठरवून देतात. घरमालक त्याहून मोठा आकडा छापलेलं अंडरलेमेंट, म्हणजे फ्लोअरिंगखाली घालायचा थर, आणतो, त्याचं माहितीपत्रक अर्जाला जोडतो आणि मंजुरी मिळवतो. माझा आक्षेप या पद्धतीलाच आहे. पाकिटावरचा आकडा आतल्या थराचा नसतोच. ज्या स्लॅबवर, ज्या छतासह त्या थराची चाचणी झाली, त्या सगळ्या रचनेचा तो असतो.

अमेरिकेतल्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये दोन निर्देशांक आहेत. हवेतून येणाऱ्या आवाजासाठी, म्हणजे बोलणं किंवा टीव्ही यांसाठी, एसटीसी. आणि पावलं, ओढलेल्या खुर्च्या, पडलेली भांडी यांच्या आघातासाठी आयआयसी. दोन्ही प्रयोगशाळेत किमान ५० हवेत, प्रत्यक्ष इमारतीत मोजले तर ४५. आघात मोजणाऱ्या यंत्राला अर्ध्या किलोचे पाच हातोडे असतात. ते ४० मिलिमीटर उंचीवरून सेकंदाला दहा ठोके देतात आणि खालच्या खोलीत आवाज मोजला जातो. सुमारे १५० मिलिमीटरचा उघडा काँक्रीट स्लॅब बोलण्याचा आवाज छान अडवतो, कारण हवेतल्या हलक्या कंपनांनी एवढं वजन फारसं हलत नाही. पण आघाताच्या परीक्षेत तोच स्लॅब तिशीसुद्धा गाठत नाही. टाच थेट त्याच्यावरच आपटते आणि कडक काँक्रीट ते कंपन जवळपास जसंच्या तसं खाली पोचवतं. पॅडसह कार्पेट असताना हाच आकडा सहज साठीच्या पुढे जातो. टाइल्स थेट स्लॅबवर बसवल्या, की मधली सगळी कमाई गेली.

'इमारत कोडमध्ये पास झालेली आहे, मग आता काय अडचण?' असं विचारलं जातं. कार्पेटसकट पास झालेली इमारत कार्पेटशिवायही पास होईल, असं मुळीच नाही. शिवाय टाइल्स आणि कार्पेट यांसारख्या कामांना त्या कोडखाली बांधकाम परवाना लागत नाही, त्यामुळे बदल तपासायला सरकारी निरीक्षक सहसा येतच नाही. उरतो तो असोसिएशनचा नियम, आणि म्हणूनच तो नीट लिहिलेला असायला हवा. दुसरा आक्षेप मालकीचा : माझ्या घरात मी काहीही घालीन. पण स्लॅब बहुतेक कॉन्डोंत सामायिक मालकीचा असतो, आणि वरच्याची जमीन हेच खालच्याचं छत असतं.

आता पाकिटावरच्या आकड्याकडे, समजा ७० कडे, वळू. अनेकदा ती चाचणी जाड स्लॅबवर, खाली टांगलेलं छत लावून केलेली असते. तुमच्या इमारतीत तसं छत नसेल, तर ७० ची आशा धरू नये. त्यापेक्षा डेल्टा आयआयसी विचारावा : ठरावीक उघड्या स्लॅबच्या आकड्यात त्या फ्लोअरिंगने किती भर पडली, एवढंच तो सांगतो. मात्र तो काँक्रीटपुरता. लाकडी तुळयांच्या इमारतीला तो लावू नये. 'मग जाडच रबर घालू' हाही उपाय नाही. थर फार मऊ झाला तर टाइल्सच्या फटींतलं भरण तडकतं, लाकडी पट्ट्यांचे खाचेतले सांधे सुटतात. आणि उत्तम थर घालूनही कडेची टाइल भिंतीला चिकटली, तर कंपन त्या वाटेने खाली उतरतं. म्हणून कडेला मोकळी फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरायची असते, सिमेंटने नव्हे.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. आयआयसीची मोजणी १०० हर्ट्झपासून सुरू होते, आणि लाकडी इमारतींत टाचांची धपधप बरीचशी त्याखाली असते. म्हणजे नियम पाळूनही तक्रार राहू शकते. पण म्हणून मोजणंच सोडून द्यायचं का? उलट असोसिएशनने माहितीपत्रकावर विसंबणं सोडावं, त्याच इमारतीतला प्रत्यक्ष आकडा नियमात मागावा, आणि आधी एकाच खोलीत फ्लोअरिंग घालून खालच्या घरात मोजणी करून घ्यावी. आकडा कमी भरला तर एकाच खोलीचं काम उखडावं लागतं.