पावसाच्या पाठीमागे

मुळशीत राहणाऱ्याला द्राक्षबाग परकीच. पौडच्या पुढे भातखाचरं, ताम्हिणीत भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागतील असं धुकं, आणि चार महिने अंगणातल्या दगडावर शेवाळ. इथे वेल लावली तर डावण्या रोग तिचं पानही शिल्लक ठेवणार नाही. पण ढग आपलं ओझं आमच्याकडे उतरवतात, म्हणूनच पूर्वेला अकलूजकडे वर्षभरात जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथली लाल वाईन त्या कोरडेपणावर उभी आहे.

पुणे जिल्ह्याला वाईन नवी नाही. शामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात नारायणगावला 'इंडेज' उभी केली होती. मला मात्र दोन द्राक्षांचा मेळ कसा घालतात ते पाहायचं होतं, म्हणून फेब्रुवारीत अकलूजच्या बाजूला गेले.

तोडणी पहाटे चारला. बायकांच्या कपाळाला बॅटऱ्या, हातात कात्र्या, पायाशी क्रेट. ऊन चढलं की घड तापतात आणि फुटलेल्या मण्यांचा रस क्रेटमध्येच आंबायला लागतो, म्हणून ही घाई. शेजारी पाटाच्या पाण्यात ऊस उभा होता. इथे ठिबकचं पाणीसुद्धा मोजून. मणी भरताना वेलीला थोडं तहानेलं ठेवलं की मणी लहान राहतो. रसाच्या मानाने साल जास्त येते, आणि लाल वाईनचा रंग नि तुरटपणा सालीतच असतो. "ताई, बी चावून बघा," एक मावशी म्हणाल्या. बी तपकिरी होती, दाताखाली कडकन फुटली. "आता झालं."

युरोपात थंडी वेलीला झोपवते. इथे ते काम कात्री करते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोड छाटणी. दोन छाटण्या करून पीक मात्र एकच घ्यायचं, हा महाराष्ट्राच्या बागायतदाराने हवेशी केलेला करार आहे. त्याचं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही.

कारखान्यात देठ वेगळे होतात आणि रस सालींसकट टाकीत जातो. आंबायला लागलं की साली वर येऊन जाड थर धरतात. तो कोरडा पडू नये म्हणून खालचा रस दिवसातून दोन-तीनदा पंपाने त्यावर सोडतात. मी वाकून बघायला गेले तर एकाने मागे ओढलं. वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, त्यात माणूस बेशुद्ध पडू शकतो.

मेळ घालण्याचं काम आधीच्या हंगामातल्या वाईनवर चाललं होतं. टेबलावर शंभर मिलिलिटरच्या काचनळ्या, पेले, थुंकायचं भांडं आणि दोन नमुने. सँजोव्हेजे रंगाने फिकी, जिभेवर आंबट; मला सरळ आमच्या डोंगरातली अर्धी पिकलेली करवंदं आठवली. कॅबरने सोव्हिन्यॉ गडद, जांभळाच्या सालीसारखी, आणि मागून हिरड्यासारखी तोंड आवळणारी.

ही जोडी टस्कनीची. तिथे १८७२ साली बेत्तिनो रिकासोलींनी कियांती वाईनचं सूत्र पत्रात लिहून ठेवलं, त्यात सँजोव्हेजे मुख्य होती. तिच्यात कॅबरने घालण्याचं धाडस 'तिन्यानेल्लो' या वाईनने १९७०च्या दशकात रुजवलं. अकलूजला ते २००७ साली स्थापन झालेल्या 'फ्रातेल्ली'मुळे आलं. 'सेत्ते' ही त्यांची वाईन याच दोन द्राक्षांची. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ आणि सेत्ते म्हणजे सात: मोहिते-पाटील, सेखरी आणि सेच्ची या घरांतले सहा भाऊ, सातवे वाईन करणारे पिएरो मासी.

मला वाटत होतं, दोन चवींची सरासरी निघेल. तसं झालं नाही. दहा टक्के कॅबरनेने फक्त रंग गडद केला. वीस टक्क्यांना घोटाला अंग आलं, आंबटपणाची धार बोथट झाली, तरी करवंद जागेवर होतं. चाळीसला ते पार गेलं. नुसती कॅबरने उरली, तीही पातळ. मधल्या पाच-पाच टक्क्यांसाठी संध्याकाळ गेली. कोणी फार बोलत नव्हतं. घोट, थुंकणं, कागदावर आकडा, पुन्हा घोट. मी तीस टक्क्यांच्या पेल्याखाली खूण केली. त्याचा वास सगळ्यांत भरदार होता.

पेले झाकून रात्रभर ठेवले. नुकती मिसळलेली वाईन लगेच खरं सांगत नाही, असं तिथली माणसं म्हणाली. सकाळी, चहाच्या आधी, कोऱ्या तोंडाने पुन्हा चाखायचं. तीसचा पेला आता घशाशी कोरडा लागला, जीभ टाळूला चिकटली. शेजारचा वीसचा उचलला. आधी करवंद, मग जांभूळ, आणि तुरटपणा अगदी शेवटी, हळू. मी कागदावरचा माझा आकडा खोडला.