शेजाऱ्याचं नाव माहिती नाही, पण त्याच्या कुत्र्याचं माहितीये. असं का होतं?

सकाळी सोसायटीच्या खाली एक चक्कर मारा. ‘ब्रूनोचे बाबा’, ‘शेरूची ताई’ अशी ओळख असलेली माणसं हमखास भेटतील. वर्षभर रोज गप्पा होतात, पण एकमेकांचं नाव विचारायचं राहूनच गेलेलं असतं.

हीच माणसं लिफ्टमध्ये एकटी भेटली की मोबाईलमध्ये डोकं घालून उभी असतात. मग कुत्रा सोबत असला की असं काय बदलतं?

हा प्रश्न संशोधकांनाही पडला आणि त्याचं उत्तर शोधायला ते थेट रस्त्यावर उतरले.

टेडी बेअर विरुद्ध लॅब्राडॉर

बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या डेबोरा वेल्स यांचा प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. एक तरुणी कधी एकटी असायची, कधी तिच्याकडे टेडी बेअर किंवा झाडाची कुंडी असायची, तर कधी सोबत कुत्रा. समोरून येणारे १,८०० लोक तिच्याशी कसे वागतात याची नोंद ठेवली गेली.

टेडी आणि कुंडीकडे लोकांचं लक्ष गेलं, पण बोलायला फारसं कुणी थांबलं नाही. लॅब्राडॉर सोबत असताना मात्र लोक हसले आणि बोललेही. पिल्लू असेल तर विचारूच नका!

आता तुम्ही म्हणाल, माणूस नीटनेटका दिसत असेल म्हणून लोक बोलले असतील. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००० साली तेही तपासलं. एकाच माणसाला कधी चांगले कपडे घालून, तर कधी गबाळ्या वेशात फिरवलं. कपड्यांनी थोडा फरक पडला, पण त्यापेक्षा कितीतरी मोठा फरक कुत्रा सोबत असण्या-नसण्याने पडला.

पण यामागचं कारण काय?

अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त लागतं. न्यूयॉर्कमधल्या सार्वजनिक जागांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाईट यांनी याला ‘ट्रायँग्युलेशन’ म्हटलं होतं. म्हणजे दोन अनोळखी माणसांच्या मध्ये तिसरं काहीतरी आलं की त्यांच्यात बोलणं सुरू होतं.

कुत्रा हे काम सहज करतो. ‘काय रे, नाव काय तुझं?’ हा प्रश्न आपण कुत्र्याला विचारतो, उत्तर मालक देतो. समोरच्याने उत्तर नाही दिलं तरी कुणाचा अपमान होत नाही. त्यात कुत्र्याला रोज फिरवावं लागतं, त्यामुळे त्याच वेळी तीच माणसं पुन्हा भेटतात.

फक्त टाईमपास नाही

अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास व्हीलचेअर वापरणाऱ्यांबद्दल होता. अनेकदा लोक अवघडून त्यांच्याकडे पाहणंच टाळतात. सोबत मदतनीस कुत्रा असताना मात्र येणारे-जाणारे त्यांच्याकडे पाहून जास्त हसले, जास्त बोलले.

ऑस्ट्रेलियातलं पर्थ आणि अमेरिकेतली तीन शहरं इथं झालेला एक सर्व्हे २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्राणी पाळणाऱ्या सुमारे ४० टक्के लोकांनी सांगितलं की, प्राण्यामुळे ओळख झालेल्या माणसांकडून त्यांना आधार किंवा मदत मिळाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहापैकी एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे. त्यामुळे ही गोष्ट छोटी नाही.

दुसरी बाजूही बघा

बेलफास्टच्या त्याच प्रयोगात रॉटवायलर सोबत असताना लॅब्राडॉरच्या तुलनेत जास्त लोकांनी त्या तरुणीकडे दुर्लक्ष केलं. म्हणजे कुत्र्याची भीती वाटली की गप्पांचा दरवाजा बंद. आपल्याकडे तर कुत्र्यांवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणंही होतात. म्हणून मालकांनी पट्टा हातात ठेवावा आणि इतरांनी हात लावण्याआधी विचारावं.

आणि पुढच्या वेळी ब्रूनोचे बाबा भेटले की त्यांचंही नाव विचारा. ब्रूनो काही कायम सोबत नसणार, शेजारी मात्र तोच असेल.